दोघांची एक थाळी

मी एक जुनी काशाची थाळी आहे, पण मोडीतली नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. माझ्या काठाला बोटभर तडा आहे. तेवढ्यावरून मला कोणी भंगार म्हटलं की माझं डोकं फिरतं. तडा कसा गेला ते आधी ऐका, मग काय म्हणायचं ते म्हणा.

मित्रांनो, तुमच्या घरात आता स्टीलची ताटं असतील. हलकी, पातळ, एक हरवलं तर त्याच्यासारखंच दुसरं मिळतं. आमचं तसं नव्हतं. तांबं आणि कथील मुशीत वितळवून ओताऱ्यानं मला ओतलं. मग तापवलं, ठोकलं, पुन्हा तापवलं, पुन्हा ठोकलं. त्या हातोडीचे वळ अजून माझ्या पाठीवर मोजून घ्या. शेवटी म्हसा गावच्या यात्रेत विकायला मांडताना त्यानं मला पाच बोटांवर तोललं आणि टिचकी मारली. मी अशी वाजले, की शेजारी घोंगड्या बघणाऱ्या बाया मान वळवून माझ्याकडे बघायला लागल्या. कासं खरं की खोटं, ते आवाजावरून कळतं.

तो आवाज टोकावड्याकडच्या एका शेतकऱ्यानं ऐकला. त्याच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. त्यानं मला घेतलं आणि माझ्या पाठीवर ठिपक्याठिपक्यांनी तिचं नाव घालून घेतलं, ‘हौसा’. मी हौसाबरोबर आंदणात डोळखांबजवळच्या एका पाड्यावर आले, ती तिथलीच झाले.

हौसाची आणि माझी घडण एकच. दोघी ठोकून घडलेल्या, दोघींचा आवाज आळीभर जाणारा. तिचा नवरा लवकर वारला. पदरात एकच मुलगा, हरेश. तिनं चार खाचरांचा भात एकटीनं लावला, एकटीनं कापला, आणि कोणापुढे हात पसरला नाही. दिवसभर राबून आली, की पाय पसरून बसायची आणि माझ्यात जेवायची. तीस वर्षं ती माझ्यात जेवली. लहानग्या हरेशशिवाय दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. पाहुणा आला तरी त्याला पितळी मिळायची, मी नाही. माझा तोरा काय सांगू तुम्हाला!

मग हरेशचं लग्न झालं. मुरबाडकडची शीतल सून म्हणून आली. अंगानं भरलेली, हसरी, कामाला वाघीण. दोन वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नाही, तेव्हा हौसानं नवस बोलला. पंच्याण्णव साली मुलगा झाला. कागदावर त्याचं नाव काय आहे ते मला ठाऊक नाही. घरात त्याला सगळे नवशा म्हणायचे.

नवशाच्या उष्टावणाच्या दिवशी हौसानं मला फळीवरून काढलं, चिंचेनं घासलं आणि शीतलच्या पुढ्यात ठेवलं.

“ही घे. आजपासून तुझं नि पोऱ्याचं ताट हेच.”

“आई, ही तुमची थाळी.”

“मग? तुझी नाय का? आमच्या घरात पोर पाच वर्षांचं होईस्तोवर आईच्या ताटात जेवतं. माझा हरेशपण माझ्याच ताटात जेवला. वेगळं ताट मांडायचं नाय. मायलेकरांत अंतर पडतं.”

तशी त्या घराची रीतच होती. दोघांचं एकातच वाढायचं. वाढायची हौसा स्वतः. हात आखडता घ्यायची तिला सवय नव्हती. भाताचा ढीग, त्यावर वालाचं कालवण, कडेला सुकटीची चटणी, कधी नाचणीची भाकरी. माझा काठ दिसेनासा व्हायचा. आणि जेवणं झाली की मी घासून पुसून लखलखीत फळीवर परत जायचे.

कुंपणापलीकडे बाईजा राहायची. हौसा तिला मुद्दाम ऐकवायची. “बघ गो बाईजा, सासू कशी असावी. सून माझ्या थाळीत जेवते. नि थाळीत शीत उरत नाय, शीत!”

बाईजा म्हणायची, “तुझी सून खाते, म्हणून तू का फुगतेस?”

मी ते ऐकायचे आणि मीही फुगायचे. मूर्ख मी!

मित्रांनो, तोवर नवशा रांगत होता. दहाव्या महिन्यात तो चालायला लागला आणि अकराव्यात पळायला. मधलं काही त्यानं शिकूनच घेतलं नाही. सकाळी डोळा उघडला की पाय जमिनीला लागायच्या आधी पळायला लागायचा. आत्ता कणगीवर, तर आत्ता चुलीपाशी. आत्ता कोंबडीच्या मागे, तर आत्ता घरामागच्या ओहोळाच्या काठावर. पायातल्या वाळ्यांचा आवाज ऐकू आला की समजायचं, पोर जिवंत आहे. आणि त्या वाळ्यांच्या मागे दुसरी पावलं, शीतलची.

शेजारच्या बाया पोराला जुन्या लुगड्याच्या पट्टीनं घरातल्या मेढीच्या खांबाला बांधून शेतावर जायच्या. शीतलनं एकदा बांधून बघितलं. नवशा असा रडला, की तिनं निम्म्या वाटेतून येऊन सोडला. पुन्हा कधी बांधला नाही. त्याला कडेवर घेऊन ती लावणी करायला गेली.

आता जेवणाचं सांगते. हौसा माझ्यात वाढून खळ्याकडे नाहीतर शेताकडे निघून जायची. शीतल मला हातात घेऊन अंगणात यायची. बसून जेवणं नवशाला ठाऊकच नव्हतं. तो पुढे, ती मागे, मी तिच्या डाव्या हातावर आणि आमच्या मागे घरातल्या सगळ्या कोंबड्या.

“ये रे नवशा, हा चिऊचा घास.”

नवशानं तोंड उघडलं, घास घेतला आणि थुंकला. तांबडी कोंबडी धावली.

“हा काऊचा.”

तो त्यानं हातात घेतला आणि स्वतःच तांबडीला दिला.

“अरे, हा तुझ्या बाबांचा घास. बाबांचा तरी खा.”

बाबांचा घास त्यानं खाल्ला, आणि लगेच ओहोळाकडे पळाला. शीतल मला जोत्यावर ठेवून त्याच्या मागे. ती परत येईपर्यंत माझ्यात कुत्र्यानं तोंड घातलेलं असायचं. कधी पोर दोन घास मनापासून खायचं, आणखी मागायचं. मग ती हरखून आपल्या बाजूचा भातही त्यालाच भरवायची. शेवटी तळाशी राहायचा त्याच्या लाळेनं भिजलेला गोळा. तो ती उभ्यानं तोंडात टाकायची, कधी दोन घास, कधी एक. तेवढ्यात वाळे लांबून वाजायचे. ती मला राखेनं घासायची, फळीवर ठेवायची आणि पळायची.

मी लखलखीत. हौसा यायची, फळीकडे बघायची, समाधानानं मान हलवायची.

आमच्या आळीत त्या वर्षी सगळ्यात गुटगुटीत कोण होतं सांगू? तांबडी कोंबडी.

शीतल वाळत चालली. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. नखं पांढरी पडली. पाण्याचा हंडा घेऊन आली, की आधी पायरीवर बसायची, भिंतीला डोकं टेकायची, मग आत यायची. मला हे कसं कळलं म्हणता? माणसाचा हात थाळीला कळतो. लग्न होऊन आली तेव्हा तिचा हात ऊबदार होता. आता तो भर दुपारी गार लागायचा. मला धरलं की तिचा अंगठा माझ्या काठावरून निसटायचा. दिवसभर ती कोऱ्या चहावर असायची. तांदूळ पाखडायला बसली, की मूठभर कच्चे तांदूळ तोंडात टाकायची.

हौसानं एकदा बघितलं. “काय गो, कच्चे तांदूळ काय खातेस? घरात शिजवलेला भात नाय?”

“खावेसे वाटतात, आई.”

“पुन्हा दिवस गेलेत काय?”

“नाय हो!”

“मग काय हे खूळ?”

खूळ नव्हतं, मित्रांनो. अंगातलं रक्त आटलं की बायांना असं भलतंसलतं खावंसं वाटतं. हे पुढे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तेव्हा हौसाला ठाऊक नव्हतं, शीतललाही नव्हतं.

हरेश आसनगावच्या बाजूला एका कंपनीत लागला होता. पहिल्या गाडीनं जायचा, दिवेलागणीला यायचा. दिवसा घरात काय चालतं हे त्याला कसं दिसणार? एका संध्याकाळी तो म्हणाला, “तू फार सुकलीस गो.”

“पोरामागं पळून.”

“आईला सांगू का काय?”

“काय सांगणार? आईंनी काय कमी केलंय मला?”

आणि ते खरंच होतं. हौसानं कमी केलं नव्हतं. हरेशनं केलं नव्हतं. नवशा तर बोलून चालून लेकरू. ओरडावं तर कोणावर ओरडावं? रोज दोन माणसांचं अन्न माझ्यात पडायचं आणि रोज एक माणूस उपाशी उठायचं. हे जगात एकट्या मला ठाऊक होतं.

दुपारी खळ्यातून हौसाची हाक यायची. “शीतल, जेवलीस का गो?”

“जेवले, आई.”

मी तेव्हा तिच्याच हातात असायचे. माझ्यात चार शितं असायची. मला वाटायचं, उडी मारावी, हौसाच्या पायाशी जाऊन पडावं आणि सांगावं, ही खोटं बोलते, हिच्या पोटात काही नाही. पण थाळीला कोणी वाजवलं तरच ती वाजते. आपणहून तिला एक चकार शब्द काढता येत नाही. एवढा माझा आवाज, यात्रेत माणसं वळायला लावणारा, आणि त्याचा उपयोग शून्य.

वाजवायला मात्र नवशा शिकला. लाकडी पळी घ्यायचा आणि मला बडवायचा. ठण्, ठण्, ठण्. डोंगरावरून आवाज परत यायचा. मग खळ्यातून हौसा ओरडायची. “अगं शीतल, त्याला थाळी नको देऊ वाजवाय! रिकामी थाळी वाजवली की घरात भांडणं लागतात!” रोजचं होतं ते. आळीला त्या आवाजाची सवय झाली होती. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. भाताची झोडणी चालू होती. शीतलनं सकाळपासून खाचरातून भारे वाहिले होते. ऊन डोक्यावर आलं तेव्हा हौसानं माझ्यात वाढलं आणि ती घराच्या मागे खळ्यात झोडायला गेली. शीतल मला घेऊन अंगणात आली. नवशा ओहोळाच्या दिशेनं सुटला. ती धावली, त्याला बगलेत धरून परत आणला, मला जोत्यावरून उचललं आणि म्हणाली, “हा घास चिऊ...”

पुढचा शब्द आला नाही. तिचा अंगठा माझ्या काठावरून सुटला. ती जोत्याशी कोसळली आणि मी तिच्या हातातून काळ्या दगडावर पडले.

मित्रांनो, तेव्हा मी वाजले. ओताऱ्याच्या टिचकीनं वाजले नव्हते, नवशाच्या पळीनं वाजले नव्हते, अशी वाजले. जन्मभराचा होता नव्हता तो सगळा आवाज एकदम बाहेर पडला. तेव्हाच माझ्या काठाला तडा गेला. मला दुखलं नाही. मला वाटलं, चला, शेवटी बोलले मी. आता कोणीतरी येईल.

खळ्यातून हौसाचा आवाज आला. “शीतल! किती वेळा सांगू, त्याच्या हातात थाळी देऊ नको!”

आणि झोडणी पुन्हा सुरू झाली. धप्. धप्. धप्.

मी भातात पालथी पडले होते. तड्याच्या फटीतून दिसेल तेवढंच दिसत होतं, बाकी नुसतं ऐकू येत होतं. शीतलचा श्वास अगदी बारीक येत होता. वाळे वाजले. नवशा जवळ आला. त्याला वाटलं असावं, खेळ आहे. तो हसला, तिच्या अंगावर बसला, उतरला. म्हणाला, “आई, ऊठ.” मग आणखी एकदा म्हणाला. ती उठली नाही. त्यानं जमिनीवर सांडलेला भात मुठीत घेतला.

“चिऊ,” तो म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, “काऊ.” मग म्हणाला, “बाबा.”

तो तिला भरवत होता. घास तिच्या ओठांवर ठेवायचा आणि वाट बघायचा. कोंबड्या भोवती आल्या, तर आयुष्यात पहिल्यांदा त्यानं त्यांना हाकललं. मग तो तिथंच बसला, न हलता. जन्मल्यापासून जागेपणी इतका वेळ बसला नव्हता.

आणि वाळे थांबले म्हणून झोडणी थांबली. थाळीचा आवाज हौसाला रोजचा होता. त्या घरातली शांतता रोजची नव्हती.

“नवशा?” हौसानं हाक दिली. “ए नवशा! शीतल, पोऱ्या कुठं गेला गो?”

मग तिची पावलं ऐकू आली. ती पळत होती. पन्नाशी उलटलेली बाई, गुडघे दुखणारी, पळत होती.

बाईजानं रस्त्यावर जाऊन जीप थांबवली. हौसानं पिशवीत एक लुगडं कोंबलं, चादर कोंबली आणि दवाखान्यात जेवायला लागेल म्हणून जमिनीवरून उचलून मलाही कोंबलं. तडा तिला दिसलाच नाही. अशी मी शहापूरला गेले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी शीतलची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली, रक्त तपासायला पाठवलं. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

“हिच्या अंगात रक्त निम्म्यानंसुद्धा नाही. आणखी थोडं कमी झालं असतं तर हृदय थकलं असतं. खायला काय देता हिला?”

हौसा पेटली. “काय बोलता बाई? मी उपाशी ठेवते काय सुनेला? माझ्या स्वतःच्या थाळीत जेवते ती! दोघांचं वाढते मी, रोज! नि थाळीत शीत उरत नाय!”

“ती जेवताना तुम्ही बघता का?”

“सुनेच्या तोंडाकडं बघत बसायला मला शेत नाय?”

बाई आत गेल्या. त्यांनी शीतलला रक्ताची बाटली लावली. हौसा व्हरांड्यात येऊन बसली आणि स्वतःशीच पुटपुटत राहिली, “मला विचारते! हौसाला विचारते!”

दुसऱ्या दिवशी हरेश डबा घेऊन आला आणि औषधं आणायला गेला. हौसानं रीतीप्रमाणे माझ्यात वाढलं. दोघांचं, स्वतःचं आणि नवशाचं. भाताचा ढीग, वालाचं कालवण. आणि नवशा पळाला.

मित्रांनो, तो व्हरांडा लांब होता. नवशा या टोकाला, हौसा त्या टोकाला. तो खाटेखाली शिरला, तिनं ओढला. खिडकीवर चढला, तिनं उतरवला. दुसऱ्या आजारी बाईची चप्पल घेऊन पळाला. फाटकाशी कुत्रं बसलं होतं, त्याला त्यानं मूठभर भात दिला आणि टाळ्या वाजवल्या.

“ये रे माझ्या राजा, हा घास आजीचा. अरे मेल्या, खातोस का बघू? खा, खा. आणखी? घे. घे बाबा, हा पण घे.”

अर्ध्या तासानं नवशा तिच्या मांडीवर कलंडला. हौसा पायरीवर बसली होती. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. तिनं मला धुवायला उचललं आणि तिचा हात थांबला. माझ्यात शीत नव्हतं. तिनं दुसरा हात आपल्या पोटावर ठेवला.

“मी कधी जेवले?” ती म्हणाली.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे. तीस वर्षांत तिनं मला असं कधी बघितलं नव्हतं. वाढताना माझ्यातलं अन्न बघायची, धुतल्यावर माझी चकाकी बघायची. अन्न आणि चकाकी यांच्या मध्ये काय होतं, ते तिला त्या पायरीवर दिसलं.

नवशाला खांद्यावर टाकून, मला हातात घेऊन ती आत गेली. शीतल डोळे उघडून पडली होती. क्षीण आवाजात तिनं विचारलं, “आई, तुमी जेवलात?”

“जे...” हौसानं तोंड उघडलं आणि शब्द अर्ध्यावर अडकला. तोच शब्द रोज खळ्यात तिला ऐकू यायचा.

मग ती खाटेवर टेकली. “नाय जेवले गो. तुझा पोऱ्या जेवू देईल तर! तू कधीपास्नं जेवली नायस?”

शीतलनं तोंड भिंतीकडे फिरवलं. तिची पाठ हलायला लागली. हौसानं तिच्या पाठीवर हात ठेवला. कोणाची समजूत घालायची तिला सवय नव्हती. ती एवढंच म्हणाली, “सांगायचं नाय? जीभ दिलीय ना देवानं?”

“काय सांगू, आई? तुमी वाढत होता. मीच...”

“मीच काय नाय. गप पड.”

चार दिवसांनी घरी परत निघताना हौसानं शहापुरात स्टीलची एक थाळी घेतली. दुकानदाराकडून तिच्यावर नाव घालून घेतलं, ‘सौ. शीतल’. पाड्यावर आल्यावर बाईजा कुंपणावरून म्हणाली, “काय गो, रीत मोडलीस?”

“मोडली. माझ्या घरची होती, मीच मोडली. तुझ्या पोटात का दुखतं?”

त्या दिवसापासून शीतल जेवायला बसली, की हौसा लुगड्याच्या पट्टीचं एक टोक नवशाच्या कमरेला बांधायची आणि दुसरं आपल्या कमरेला. नवशा ओढायचा, रडायचा, हौसा ढिम्म हलायची नाही. शीतल उठायला लागली की गरजायची, “बस खाली! दोन घटका रडला तर मरत नाय तो. तू नसलीस तर काय होईल त्याचं?” मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या गोळ्या. जेवणावर लगेच चहा नाही. शेवग्याचा पाला, माठ, नाचणी, सुकट. बाळंतिणीचं करावं तसं तिनं दोन वर्षांच्या पोराच्या आईचं केलं. सहा महिन्यांत शीतलच्या बांगड्या मनगटावर आल्या.

आणि मी? घरी आल्यावर हौसानं मला घासायला घेतलं तेव्हा तिच्या बोटाला तडा लागला. तिनं मला टिचकी मारली. बद्द. पुन्हा मारली. बद्द. ती कितीतरी वेळ तड्यावर अंगठा फिरवत राहिली.

“तो आवाज तुझा होता काय गो?” ती हळूच म्हणाली. “नि मी खळ्यातनं शिव्या घातल्या.”

फुटक्या भांड्यात जेवत नाहीत. तिनं मला मोडीतही घातलं नाही. पुसून फळीवर उभं केलं, तोंड चुलीकडे करून. तेव्हापासून मी तिथंच आहे, बघत.

दोन हजार दोन साली नवशाला बहीण झाली, पूजा. मला वाटलं होतं नवशाइतकं चपळ पोर पुन्हा होणे नाही. पूजानं माझे शब्द माझ्या घशात घातले. तोवर हौसाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तिला माणसं सावलीसारखी दिसायची. तरी जेवणाच्या वेळी ती पूजाला कमरेला बांधून चुलीपाशी बसायची आणि म्हणायची, “शीतल, थाळी आण. माझ्याजवळ बस.” शीतल बसली की हौसा हात लांब करून त्या स्टीलच्या थाळीत बोटं घालायची, चाचपायची.

“भात हाय. कालवण हाय. हां, खा आता.”

थोड्या वेळानं पुन्हा बोटं. “एवढंच संपलं? चावल्याचं ऐकू येत नाय मला.”

“आई, पेज कशी चावू मी?” शीतल हसायची.

“मग भुरका मार. भुरक्याचा आवाज काढ.”

आणि शीतल मोठ्यानं भुरका मारायची. नवशा हसायचा, पूजा हसायची, हौसा सोडून सगळे हसायचे. तिचा हात थाळीतच असायचा. शेवटचा घास उचलला गेला की मगच निघायचा.

दोन हजार चारच्या माघात हौसा गेली.

दिवसकार्य झालं. घर पुन्हा कामाला लागलं. पहिल्याच दिवशी शीतलनं स्वतःच्या थाळीत वाढून घेतलं. पूजा दाराबाहेर पळाली. शीतलनं थाळी उचलली आणि तिच्या मागे गेली. थाळी आली तेव्हा घासलेली होती, लखलखीत. ती तिनं माझ्याशेजारी ठेवली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. नाव घातलेली थाळी आहे हो, पण नावानं पोट भरतं का? मी त्या शेजारणीला विचारते, अगं, आज तिच्या पोटात किती गेलं? ती काही बोलत नाही. आम्हाला बोलता येत नाही हे मी विसरतेच. बाहेर अंगणात काय होतं ते मला फळीवरून दिसत नाही. संध्याकाळी हरेश विचारतो, “जेवलीस का गो?” आतून उत्तर येतं, “जेवले.” नवशा पुस्तकातून मान वर न काढता विचारतो, “आई, जेवलीस?” “जेवले रे.” कदाचित खरंही असेल. कदाचित नसेल. काल तिनं मला पुसायला घेतलं. तिचा हात मला गार वाटला. तो पाण्यानं गार होता की कशानं, ते मला सांगता येणार नाही. मला खाली टाकलं तर आता फक्त बद्द वाजेल. त्यानं मांजरसुद्धा दचकणार नाही.

म्हणून हे तुम्हाला सांगते आहे, मित्रांनो. तुमचं पळायचं वय आहे, खुशाल पळा. तुमच्या घरात तुमच्याहून लहान कोणी पळणारं असेल, तर आईच्या जेवणापुरतं त्याला तुम्ही धरा. आणि आईला ‘जेवलीस का’ असं विचारू नका. त्या प्रश्नाचं एकच उत्तर आयांना येतं. तिच्या थाळीजवळ जाऊन बसा. थाळीत बघा, मग तिच्या तोंडाकडे बघा, आणि शेवटचा घास आत जाईपर्यंत जागचे उठू नका.

हौसाला शेवटी दिसत नव्हतं, तरी ती बघत होती. तुम्हाला तर धडधडीत दोन डोळे आहेत.